कुधान्य ते श्रीअन्न : धान्यनामांतील एक इतिहास

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विचार करताना शाली, षष्टिक, व्रीहि यांच्यानंतर धान्यांचा एक निराळा वर्ग येतो. कोद्रव, श्यामाक, नीवार, प्रियंगु इत्यादींच्या या वर्गाला ग्रंथकाराने 'कुधान्य' असे नाव दिले आहे. त्यांचे गुण मात्र तो कोणत्याही आकसाने सांगत नाही. ती रूक्ष आहेत, कफाचा नाश करणारी आहेत, असेच त्याचे निरूपण आहे. म्हणजे हीनत्व आहे ते 'कु' या उपसर्गात, निरीक्षणात नव्हे. पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात याच धान्यांना 'क्षुद्रधान्य' व 'तृणधान्य' ही नावे मिळाली. यांतील दुसऱ्या नावाचे पुढे जे झाले ते मौजेचे आहे. वनस्पतिशास्त्राने गहू व तांदूळ यांनाही गवताच्याच कुळात बसविल्यामुळे आजच्या मराठीत 'तृणधान्य' ही संज्ञा सर्वांनाच लागू होते. एके काळचे अवमानदर्शक विशेषण अशा रीतीने साऱ्या पंक्तीला वाढले गेले.

ज्या धान्यांवर महाराष्ट्राचा मोठा भाग शतकानुशतके जगला, ती ज्वारी, बाजरी व नाचणी मुळात या भूमीतील नव्हेत. तिन्हींची जन्मभूमी आफ्रिका होय आणि भारतात त्यांचा प्रवेश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात झाला असे सामान्यतः मानले जाते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, त्यात तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्याचे मुख्य पीक सातू, म्हणजे यव, असल्याचे दिसून आले. नव्या धान्याला नाव देताना भाषेने याच जुन्या धान्याचा आधार घेतला. ज्वारीवाचक 'यवनाल' या संस्कृत शब्दात यव उघडच आहे. 'ज्वारी' आणि 'जोंधळा' या शब्दांच्या मुळाशीही व्युत्पत्तिकार यवच पाहतात. कालांतराने दख्खनच्या शेतातून सातू मागे पडला. त्याचे नाव तेवढे, ओळखू येणार नाही अशा रूपात, परक्या धान्याच्या अंगावर राहिले.

परंतु ग्रंथांतील वर्गनामांपेक्षा शेतातील व स्वयंपाकघरातील शब्द अधिक बोलके आहेत. ज्वारी प्रथम पोटरीत येते, मग निसवते. कणसात दाणा भरू लागला म्हणजे ती चिकात असते, त्यानंतर हुरड्यात येते आणि शेवटी निबर होते. हे शब्द केवळ पिकाची वाढ मोजणारे नव्हेत. त्यांपैकी एका शब्दात भोजनाचा मुहूर्तही दडलेला आहे. दाण्यातील दूध आटले आहे, पण कठीणपणा आलेला नाही, ही अवस्था फार थोडे दिवस टिकते. तेवढ्याच दिवसांत गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजून, तळहातावर चोळून, तिळाच्या किंवा जवसाच्या चटणीबरोबर हुरडा खावयाचा. सुरती, गूळभेंडी यांसारखे वाण तर त्याचसाठी राखून पेरावयाचे. 'हुरडा' हा शब्द एकाच वेळी धान्याची अवस्था, पदार्थ आणि त्या निमित्ताने शेतात भरणारी पंगत या तिन्हींचा वाचक आहे. ज्या समाजाने धान्याला केवळ पोट भरण्याचे साधन मानले असते, त्याच्या बोलीत असा शब्द रूढ होणे कठीण होते.

स्वयंपाकघरातील क्रियापदांचेही तसेच आहे. भरडल्या की कण्या, भाजून फुलविल्या की लाह्या, आंबविले की आंबील, दळले की पीठ. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरू लागली म्हणजे 'पिठाची विरी गेली' असे म्हणतात. ज्वारीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो; भाकरीला जो चिकटपणा लागतो तो ताज्या पिठातून आणि उकळत्या पाण्यातून मिळवावा लागतो. हे सारे ज्ञान 'विरी' या दोन अक्षरांत साठविलेले आहे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते बेताचेच दळण्याची रीत पडली. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. तथापि दाण्यातील फायटिक आम्ल अशा खनिजांना अडवून धरते. भिजविणे, मोड आणणे आणि आंबविणे या क्रियांनी ही अडवणूक कमी होते. बाळांसाठी नाचणीला मोड आणून ती वाळविणाऱ्या आणि उन्हाळ्यात आंबील करणाऱ्या बायकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांची रीत अचूक होती.

या पार्श्वभूमीवर 'भरड धान्य' ही संज्ञा पाहावी. मराठीत भरडणे ही जात्यावरची एक क्रिया आहे आणि कोकणात भरड हा जमिनीचा एक प्रकार आहे. दोन्ही अर्थांत निंदा नाही. भरडली तर डाळही जाते. धान्याची प्रत या अर्थाने तो शब्द स्थिरावला तो प्रशासनाच्या परिभाषेत, इंग्रजी संज्ञेच्या छायेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याने शिधापत्रिकेवरील दर ठरविले ते तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असे. २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. परंतु दरांची ती उतरंड सुश्रुताच्या वर्गवारीची आठवण करून देणारी होती, हे नमूद केले पाहिजे. दरम्यान एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने याच धान्यांना 'पोषक धान्य' म्हणून अधिसूचित केले होते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष ठरले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न' हे नाव उच्चारले गेले. नावाची ही बढती चालू असताना महाराष्ट्रातील ज्वारीचे क्षेत्र गेली कित्येक दशके घटत आले आहे. राळे बहुतेक घरांत आता भोगीच्या दिवसापुरतेच उरले आहे, आणि बर्टी किंवा भादली म्हणजे काय, हे शहरातील विद्यार्थ्यास कोशात पाहावे लागते.

एका कुधान्याने मात्र स्वतःची निराळीच वाट काढली. वरी ही उपवासाला चालते; गहू चालत नाही. न नांगरता उगवणारे नीवार-श्यामाकादी धान्य हे मुनींचे अन्न, ही कल्पना जुनी आहे. कालिदासाच्या शकुंतलेने हरिणाचे पाडस वाढविले तेही श्यामाकाच्या मुठींवर. बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करणाऱ्या ऋषिपंचमीच्या व्रतात तीच कल्पना टिकून आहे. ग्रंथाने जे धान्य खालच्या पायरीवर ठेवले, ते व्रताने देवघरापर्यंत नेले.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील रेशन दुकानांवर सुकडीच्या जोडीने परदेशातून आलेली तांबडी ज्वारी आली. शास्त्राच्या दृष्टीने ती आणि सोलापूरकडची मालदांडी एकाच जातीची. लोकांनी ती दळली, तिच्या भाकरी थापल्या आणि त्यांवर ते वर्ष काढले. त्या पिढीच्या तोंडी तिचे नाव आजही 'मिलो' असेच आहे. तिला जोंधळा कोणी म्हटले नाही.