नाव एक, मुलूख दोन

१५ सप्टेंबर १९६० रोजी क्यूबातील फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने हावाना शहरातील चिरुटांचे कारखाने ताब्यात घेतले. या कारखान्यांत यंत्रसामग्री अशी फारशी नव्हतीच. गोदामात मुरत पडलेली पाने, ती वळणारे हात आणि पेटीवर छापलेले नाव, हीच त्यांची खरी मालमत्ता होती. त्या दिवसापासून या मालमत्तेच्या वाटण्या झाल्या. कोणाच्या वाट्याला काय आले आणि अस्सल म्हणावे ते कोणास, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. मूळ मुलखापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या घराण्यांना तो परका वाटू नये.

मराठीतला ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’ या शब्दाशी नाते सांगतो; त्याचा अर्थ गुंडाळी. इंग्रजी अमदानीत त्रिचनापल्लीचे चिरूट विलायतेपर्यंत प्रसिद्ध होते. हावानाचा चिरूटही गुंडाळीच, पण ती तीन प्रकारच्या पानांची असते. आत भरणाची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांवर तलम, डागविरहित असे वेष्टनाचे पान. कारागीर एका फळीवर, अर्धचंद्राकृती पात्याच्या साहाय्याने, हे सारे हाताने वळतो. भरण फार दाबले तर धूर ओढला जात नाही, सैल राहिले तर चिरूट भराभर जळून तोंड पोळते. ही मात्रा बोटांनाच कळते आणि ती शिकायला वर्षे लागतात.

पानाची चव मात्र जमिनीतून येते. क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातला व्हुएल्ता आबाहो हा पट्टा यासाठी जगात नावाजलेला आहे. एका शिवारातले पान दुसऱ्या शिवारातल्या पानासारखे निघत नाही, हे निपाणीकडील किंवा गुजरातेतील चरोतराकडील वाचकांना आम्ही सांगावयास नको.

पार्तागास या एका नावाचा इतिहास पाहिला म्हणजे पुढचे सारे ध्यानात येते. हायमे पार्तागास या कातालान गृहस्थाने १८४५ मध्ये हावानात हा कारखाना काढला. विसाव्या शतकात तो सिफुएन्तेस घराण्याकडे होता. १९६० च्या जप्तीनंतर रामोन सिफुएन्तेस यांनी देश सोडला. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली आणि जगातली एक मोठी बाजारपेठ हावानाला बंद झाली. सिफुएन्तेस यांनी १९७० च्या दशकात आपल्या नावाचे अमेरिकेतील हक्क तेथील एका कंपनीस दिले आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात त्याच नावाचे चिरूट तयार होऊ लागले. हावानात सरकारी कारखान्यातून पार्तागास निघतच होते. अशा रीतीने एका नावाची दोन घराणी झाली. मोन्तेक्रिस्तो, रोमेओ ई हुलिएता या नावांचेही असेच झाले.

या दोन घराण्यांची तुलना आम्ही एका शनिवार-रविवारी, दोघा निवृत्त स्नेह्यांच्या संगतीत, करून पाहिली. परदेशातील आप्तांनी आणून दिलेले दोन्हीकडचे पार्तागास हाताशी होते. आकार शक्य तितका सारखा, सुमारे पाच इंच लांबीचा, घेतला. एकानंतर लगेच दुसरा ओढल्यास जिभेला भेद कळत नाही, म्हणून शनिवारी हावानाचा आणि रविवारी डोमिनिकन असा क्रम ठेवला. सोबत साधे पाणी. चिरुटाचा धूर छातीत घ्यावयाचा नसतो, तोंडात घोळवून सोडावयाचा असतो. तरीही तो तोंडाच्या कर्करोगास कारण होतो, तेव्हा हे लिहिणे शिफारस म्हणून नव्हे. हावानाचा चिरूट प्रथमपासून तिखट, ओल्या मातीचा आणि जुन्या चामड्याचा वास देणारा. शेवटच्या तिसऱ्या भागात तर तो चांगलाच उग्र झाला. डोमिनिकन मवाळ, किंचित गोडसर आणि शेवटपर्यंत एकसारखा जळणारा निघाला. त्याचे वेष्टनाचे पान आफ्रिकेतल्या कॅमेरूनचे असते. म्हणजे नाव हावानाचे, मुक्काम डोमिनिकन आणि अंगावरचे वस्त्र आफ्रिकेचे. तिघांचे एकमत झाले नाही. एका स्नेह्यांनी हावानालाच खरे पार्तागास ठरवले. दुसरे म्हणाले, ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ते नाव चालवले त्याने ज्याला मान्यता दिली, ते खोटे कसे?

महसुली दप्तरात नोंद एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी प्रकरणे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिली. तेथे निकाल देता येतो. येथे इतिहासात जरा खोल गेले की निकाल देणे अवघड होते.

बियाणाचेच पाहा. व्हुएल्ता आबाहोतील एल कोरोहो या मळ्यावर तयार झालेले कोरोहो हे वाण क्यूबाच्या वेष्टनाच्या पानाचे वैभव होते. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीच्या रोगाने क्यूबातील तंबाखूचे पीक उद्ध्वस्त केले. कोरोहो या रोगाला लवकर बळी पडणारे असल्याने १९९० च्या दशकात तेथे त्याची जागा संकरित वाणांनी घेतली. उलट, देशांतर केलेल्या क्यूबन शेतकरी घराण्यांनी होंडुरासच्या हामास्त्रान खोऱ्यात जुन्या कोरोहोची लागवड चालवली. मायभूमीने गरजेपोटी टाकलेले बीज परमुलखात जपले गेले. तंजावरच्या मराठीत जुने शब्द आणि जुनी रूपे टिकून राहिली, त्यातलाच हा प्रकार.

परंतु हे एकाच बाजूने खरे नाही. १८६५ मध्ये हावानाच्या कारखान्यांत एक सुंदर प्रथा सुरू झाली. पाने वळणाऱ्या कामगारांसमोर उंच आसनावर बसून एक वाचक वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. मोन्तेक्रिस्तो हे नाव अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, ते या वाचनामुळेच असे मानतात. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत मार्तिनेस इबोर हे कारखानदार १८६९ मध्ये फ्लोरिडात गेले. पुढे टँपाजवळ त्यांनी इबोर सिटी ही वसाहत वसवली. तेथे ही प्रथाही गेली. १८९१ मध्ये होसे मार्ती तेथे आले तेव्हा याच कामगारांनी त्यांना साथ दिली आणि मजुरीतून स्वातंत्र्यलढ्यास वर्गणी दिली. १९३१ मध्ये मात्र टँपाच्या मालकांनी वाचकांना कारखान्याबाहेर काढले आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. क्यूबात ही प्रथा टिकली. आजही तेथील कारखान्यांत वाचन होते. म्हणजे बीज स्थलांतरितांनी राखले आणि वाचन मायभूमीने.

दोन्हीकडचे पार्तागास अपुरे आहेत, असे म्हणण्याऐवजी दोघांनी वारशाचा निरनिराळा भाग सांभाळला, असे म्हणणे आम्हास अधिक न्याय्य वाटते. माती उचलून नेता येत नाही. पण हातातले कसब, बीज आणि स्मरण ही नेता येतात, आणि कधी कधी घरापेक्षा बाहेरच ती अधिक निगुतीने राखली जातात. मूळ मुलखातील लोकांनी बाहेरच्यांस भ्रष्ट म्हणू नये, आणि बाहेरच्यांनीही आपणच तेवढे जुने व शुद्ध उरलो, असा अभिमान बाळगू नये. आपल्या घरांतील मराठीबद्दल आणि कुळाचारांबद्दल दोन्हीकडून जे बोलले जाते, त्यालाही हेच लागू आहे.

शेवटी, तंबाखू ही वनस्पतीच आपल्याकडे परकी. ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि १६०५ च्या सुमारास असद बेगने विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली. त्यानंतर चार शतके ती दख्खनच्या मातीत रुजली आहे. निपाणीच्या शेतकऱ्यास तिचे मूळ गाव कोणते, हे आज कोणी विचारीत नाही.