निकेलची चकाकी आणि आजोबांचं रिव्हॉल्वर

आज कल्हईवाल्याच्या एका जर्मन भावंडाची गोष्ट.

जर्मनीत एर्ट्सगेबिर्गे या डोंगराळ भागातल्या खाणकामगारांना एक तांबूस दगड सापडायचा. तांबं मिळेल म्हणून तो भट्टीत घालावा, तर हाती काहीच लागायचं नाही. मग दोष भुताचा! त्या खट्याळ भुताला ते ‘निकेल’ म्हणत, म्हणून दगड झाला ‘कुपफरनिकेल’. १७५१ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटनं अशाच खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि भुताचं नाव धातूला कायमचं चिकटलं. योगायोग असा की त्याच वर्षी थुरिंगियातल्या झूल गावात झाउअर हा बंदुकांचा कारखाना सुरू झाला.

दोघांची गाठ पडायला मात्र शंभर वर्षं लागली. फ्रँकफुर्टच्या रुडॉल्फ ब्यॉटगर यांनी १८४३ मध्ये निकेल आणि अमोनियमच्या क्षारांच्या द्रावणातून वीज सोडून मुलामा चढवण्याची कृती दिली. हा माणूस विलक्षणच! १८४६ मध्ये स्फोटक कापूसही त्यानं श्योनबाइनपासून स्वतंत्रपणे शोधला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निकेलची रिव्हॉल्वरं खिशाखिशांत गेली, कारण काळ्या दारूची काजळी आणि हाताचा घाम यांपुढे साधं पोलाद लवकर गंजायचं.

पण निकेल पोलादासाठी स्वतःचा बळी देत नाही. जस्त देतं. निकेलचा थर अखंड आहे तोवरच ते राखण करतं. एक बारीक छिद्र पडलं की ओल आत शिरते, गंज आतल्या आत पसरतो आणि वरचा पापुद्रा सुटू लागतो. आपल्या पातेल्याची कल्हई उडाली तर पुन्हा करता येते. जुन्या शस्त्राचा मुलामा नव्यानं चढवला, तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतच घसरते.

म्हणून चिंच, राख, घासणी, काही म्हणजे काही लावू नका. नळी साफ करायची अमोनियावाली द्रावणंही नकोत. मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो आणि अमोनिया तो खातो. मऊ कापड, तेलाचा हलका हात आणि कोरडी जागा एवढं पुरे. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, चामडं ओल धरतं. किंचित पिवळसर झाक दिसली तर घाबरू नका. निकेलचा रंगच तसा उबदार, निळसर चमकतं ते क्रोम.

आता महत्त्वाचं. आपल्यातल्या काही घरांत जर्मन सून किंवा जावई आहेत. त्यांच्या आजोबांच्या माळ्यावर असं रिव्हॉल्वर सापडलं, तर कापड शोधण्याआधी फोन उचला. निधनानंतर शस्त्र ताब्यात आलं की शस्त्रविभागाला लगेच कळवावं लागतं, आणि वारशात मिळालेल्या शस्त्राच्या परवान्यासाठी वारसा स्वीकारल्यापासून एका महिन्यात अर्ज करावा लागतो. काही जुन्या शस्त्रांना सवलत आहे, पण ते ठरवणं विभागाचं काम. ते स्वतः गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका. आधी विचारा, ते सांगतील तसं करा.