दाभोळच्या मशिदीवर ऊन केव्हा पडते?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने 'कोकण' या विषयावर छायाचित्रे मागवली होती. मी बारा पाठवली. त्यातली नऊ लागली, तीन परत आली. परत आलेल्या तिन्हींत दाभोळची शाही मशीद होती. फोन करून विचारले तर उत्तर मिळाले, "फोटो चांगले आहेत हो, पण विषयाला धरून नाहीत. बघणाऱ्याला कोकण वाटायला हवं ना!"

मी भांडलो नाही. बोलणारा माणूस सभ्य होता आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हते. म्हणून तर ते वाक्य जास्त लागले. माड, कौलारू घर, देवळाची दीपमाळ, होडी एवढे आले की कोकण पुरे झाले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. त्या होडीतून कोण उतरले, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

येत्या हिवाळ्यात कॅमेरा घेऊन किनाऱ्याने जायचे ठरवले आहे. रेवस ते रेड्डी सागरी मार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा. या मार्गाचे स्वप्न रंगवले ते बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांनी, म्हणजे आंबेतच्या माणसाने. ते मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला. रस्ता मात्र अजून तुकड्यातुकड्यांनीच आहे. मध्ये खाडी आली की जेट्टीवर थांबायचे, गाडी बोटीत चढवायची, पलीकडे उतरवायची. आता या खाड्यांवर पूल बांधायची कामे हाती घेतली आहेत. पूल झाले की वेळ वाचेल, आजाऱ्यांचे हाल थांबतील, ते व्हायलाच हवेत. पण पाण्यातून बंदर कसे दिसते हे बघायचे असेल तर बोटी चालू आहेत तोवरच जायला हवे.

सगळा किनारा एका फेरीत होत नाही. म्हणून रेवदंडा ते दाभोळ एवढाच पट्टा घेतला. का घेतला ते सांगतो.

आजचे चौल-रेवदंडा म्हणजे अरबांचे सैमूर. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास इथे आला होता. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच लग्ने करून राहिलेले. शिवाय 'बयासिरा', म्हणजे इथल्याच मातीत जन्मलेले मुसलमान. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे, त्याला हुनरमन म्हणत. राज्य राष्ट्रकूटांचे, कारभार शिलाहारांचा. तलवार घेऊन आलेल्या कुठल्याही सुलतानाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आमच्यातल्याही पुष्कळांना ती माहीत नसते. आपण कुठून आलो असे मुलांनी विचारले की आम्ही एकदम अरबस्तानचे नाव घेतो आणि मधली हजार वर्षे गाळतो.

पुढे १४६९ च्या सुमारास याच चौलला अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला. विकायला एक घोडा घेऊन आला होता. तो जुन्नरला पोहोचला तेव्हा तिथल्या असदखानाने घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तरच परत देतो असे सांगितले. निकितीन हवालदिल झाला. शेवटी मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने रदबदली करून घोडा सोडवला आणि त्याचा धर्मही वाचवला. ही हकीकत सांगताना आपले लोक खुरासानी तेवढा सांगतात आणि दुसरे लोक असदखान तेवढा. निकितीनने दोघांबद्दल लिहिले आहे. रेवदंड्यात त्याचे स्मारक उभे आहे. परतताना त्याने जहाज धरले ते दाभोळहून.

म्हणून चौल ते दाभोळ, निकितीनच्या येण्या-जाण्याची दोन टोके.

मधला मोठा मुक्काम राजपुरीचा. जंजिरा हे नावच अरबी जज़ीरा, म्हणजे बेट, यावरून आलेले. इथे फोटो काढणे सोपे आणि विचार करणे अवघड. हबशी सिद्दींनी हा किल्ला शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिला नाही. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून वाट करायचा प्रयत्न केला. सिद्दी मुसलमान आणि मराठे हिंदू, एवढ्यावर कुणी ही गोष्ट संपवू लागला तर मी त्याला खांदेरीला नेतो. १६७९ मध्ये खांदेरीसाठी इंग्रज आणि सिद्दींशी लढणाऱ्या मराठी आरमाराचा सरदार होता दौलतखान. माझ्या यादीत जंजिरा आणि पद्मदुर्ग एकाच चौकटीत यावेत अशी जागा शोधणे हे एक काम आहे. राजपुरीजवळच्या खोकरीच्या घुमटांना एक सकाळ ठेवली आहे. तिथे गर्दी नसते. जंजिऱ्यावर उतरणारे पर्यटक आपल्याच किल्लेदारांच्या कबरींकडे फिरकत नाहीत. ड्रोन नेणार नाही. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यावर तो उडवायला परवानगी लागते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे ड्रोन नाहीही.

आता उन्हाचे गणित. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. सकाळी सूर्य डोंगरामागून येतो, संध्याकाळी समुद्रात जातो. समुद्रातला किल्ला संध्याकाळी काढला तर काळी सावली मिळते. दगडाचे सांधे, तोफांची तोंडे दिसायला हवी असतील तर सकाळी जावे. मशिदीचे गणित त्याहून सोपे. इथून किब्ला पश्चिमेला, म्हणून मेहराब पश्चिमेच्या भिंतीत आणि दर्शनी कमानी पूर्वेला. दाभोळच्या कमानींवर ऊन पडते ते सकाळी. मी परत आलेले तिन्ही फोटो संध्याकाळी काढले होते. कमानी अंधारात, मिनार तेवढे लाल. त्यांनी नाकारले त्या कारणासाठी नाही, पण ते फोटो खरोखर फार चांगले नव्हतेच.

भरती-ओहोटीचे गणित अब्बांचे. अब्बांनी उभी हयात जहाजावर काढली. त्यांचा हिशेब असा : चांदाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिजरी तारीख चंद्रदर्शनापासून मोजतात म्हणून तीत एक मिळवायचा. म्हणजे चांदाच्या चौदा तारखेला भरती दुपारच्या आधी आणि ओहोटी साधारण साडेपाचला, नेमकी सूर्यास्ताच्या तोंडावर. वर उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप आत जाते आणि खडक उघडे पडतात. मोबाईलवर तक्ते मिळतात, मी ताडून पाहिले. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, एवढेच.

दाभोळला दोन दिवस ठेवले आहेत. बहमनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे बडे बंदर होते. महमूद गवान १४५३ च्या सुमारास इथेच उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. पावसाळा सरता सरता नैऋत्येच्या वाऱ्यावर जहाजे यायची, हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत जायची. 'मोसम' हा आपला शब्दही अरबांचाच, त्याच वाऱ्यांबरोबर आलेला. हज्जला जाणारेही इथून जहाजात बसत. मशिदीबद्दल लोक सांगतात की विजापूरची एक शहजादी हज्जला निघाली होती, समुद्रावर धोका म्हणून तिला जाता आले नाही, आणि हज्जसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीत घातला. गोष्ट कितपत खरी ते अल्लाह जाणे. पण समुद्रावरचा धोका खरा होता.

मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मिसरच्या मामलुकांच्या आणि दीवच्या मलिक अयाझच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळले. लढाई झाली चौलला, मारणारे मिसर आणि गुजरातचे, आणि कत्तल झाली दाभोळच्या बायकामुलांची. त्यानंतर फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई झाली आणि या समुद्रावर कुणाच्या परवान्याने फिरायचे हे पोर्तुगीज ठरवू लागले. दाभोळच्या जेट्टीवर यातले काही लिहिलेले नाही. सोलकढीचे दर तेवढे लिहिलेले आहेत.

हा सगळा आराखडा कागदावर मांडून मी अब्बांना दाखवला. त्यांना बरोबर नेतोय. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, आणि सारे जग पाण्यातून पाहिलेल्या या माणसाने आपला किनारा असा गावागावाने कधी पाहिला नाही. घरी यायचे ते सुट्टीत, तेही थेट एसटीने.

त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बोट फिरवले आणि म्हणाले, "रेवदंड्यावरून खाली उतरणार तू?"

"होय."

"मग दर्या उजव्या अंगाला. तू चालवणार उजवीकडे बसून. मी डावीकडे. मी काय तीन दिवस डोंगर बघू?"

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आता आराखडा उलटा केला आहे. मुंबईहून महामार्गाने सरळ चिपळूण, तिथून गुहागर, धोपावे. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, म्हणजे मशीद आधी पाण्यातूनच दिसेल. मग वेसवी-बागमांडला, मग दिघी-आगरदांडा, राजपुरी, आणि शेवटी रेवदंडा. समुद्र सगळा वेळ अब्बांच्या खिडकीत.

पहिली बोट गाठायची तर फजरनंतर लगेच गुहागर सोडायला हवे. अब्बा म्हणतात, फजर दाभोळलाच जमातीने पढू. तेवढ्या पहाटे बोट सुटते का, ते विचारायला सांगितले आहे.