सुई, पोथी आणि मांडीवरचें लेंकरूं

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी ज्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहें, त्यानें कोणाचें सिंहासन डळमळलें नाहीं. परंतु तो घरोघर रोज सकाळीं उभा राहतो. मुलगा आणि सून कामावर गेलीं आहेत, नातवंड मांडीवर आहे, हातांत अर्धवट विणलेला लोंकरीचा सदरा आहे, आणि फळीवरचें पुस्तक आठ दिवसांपासून खुणावीत आहे. या तिघांचा मेळ आजीनें कसा घालावा? हें कोडें नवें नाहीं. दोन-अडीचशें वर्षांपूर्वीं युरोपांतील दोन गरीब डोंगरी मुलखांतल्या बायकांनीं तें आपापल्या परीनें सोडविलें होतें. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम विणकामाचा गुण पाहूं. चुलीजवळ लहान मूल सोडतां येत नाहीं. जात्याशीं त्याला बसवितां येत नाहीं. माग तर जागचा हलत नाहीं. विणकाम तसें नाहीं. मूल रडलें कीं ओळ अर्धी टाकून उठावें, पुन्हा बसून तेथूनच पुढें चालूं करावें. कांहीं बिघडत नाहीं. हात सरावले म्हणजे डोळ्यांचीहि फारशी गरज राहत नाहीं. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ज्यूडिथ ब्राउन यांनीं १९७० सालीं एका छोट्याशा लेखांत असें दाखविलें कीं, निरनिराळ्या समाजांत स्त्रियांकडे जीं कामें आलीं, तीं बहुधा मूल सांभाळतां सांभाळतां करतां येण्याजोगीं होतीं : घराजवळचीं, धोका नसलेलीं, मध्येंच सोडून पुन्हा हातीं घेतां येणारीं. या कसोटीला विणकामाइतकें उतरणारें काम क्वचितच सांपडेल.

आतां इंग्लंडच्या उत्तरेकडील डेंट नांवाच्या दरींत चलूं. ही दरी पूर्वीं यॉर्कशायरमध्यें गणली जाई. १९७४ पासून ती कंब्रिया परगण्यांत मोडते. जमीन हलकी, हिंवाळा लांब, मेंढ्या पुष्कळ. शेतीवर पोट भरेना म्हणून बायका, पुरुष आणि मुलें सर्वच विणीत असत. मोजे, हातमोजे व टोप्या विणावयाच्या आणि केंडल येथील व्यापाऱ्यांच्या हवालीं करावयाच्या, असा हा धंदा होता. कमरेच्या पट्ट्यांत एक लांकडी म्यान खोंवलेलें असे, आणि एका सुईचें टोंक त्यांत रोंवलेलें असे. सुईचा भार म्यानानें घेतला म्हणजे हाताला तेवढी मोकळीक मिळे. यामुळें गुरांमागें चालतांना किंवा बाजाराच्या वाटेवरहि विणणें थांबत नसे.

या दरींत १७८५ सालीं ॲडम सेजविक यांचा जन्म झाला. पुढें ते केंब्रिजला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८३१ सालीं तरुण डार्विन त्यांच्याबरोबर वेल्समधील खडक पाहत हिंडला होता. अशा या विद्वानानें १८६८ सालीं, वयाच्या त्र्याऐंशींव्या वर्षीं, गांवांतील एका लहानशा प्रार्थनामंदिराच्या नांवाच्या वादावर एक पुस्तिका लिहिली, आणि तिच्या ओघांत आपल्या लहानपणच्या गांवाचें चित्र काढून ठेवलें. त्यांत संध्याकाळच्या बैठकींचें वर्णन आहे. शेजारणी-पाजारणी आपापलें विणकाम घेऊन एका घरीं जमत व शेकोटीभोंवतीं बसत. गप्पांचा गलका चाले. मग एखाद्या चुणचुणीत मुलीला वाचावयास सांगत. समोर पुस्तक ठेवून ती ‘रॉबिन्सन क्रूसो’मधील एखादें प्रकरण वाचूं लागे आणि गलका एकदम थांबे. वाचणारीचा आवाज आणि सुयांची टिकटिक एवढेंच ऐकूं येई. मौज अशी कीं, वाचणारीचे स्वतःचे हातहि थांबत नसत. पान उलटावयास लागेल तेवढाच खंड, आणि पुन्हा टांका सुरू.

श्रोतेहो, या चित्रांत एक मर्म आहे. तीन कामांना तीन वेगळ्या वेळा काढून देणें गरिबाला परवडत नाहीं. डेंटच्या बायकांनीं वेळ वांटला नाहीं. त्यांनीं इंद्रियें वांटून घेतलीं. हात लोंकरीला दिले, कान पुस्तकाला दिले. एकीचे डोळे वाचीत आणि साऱ्या घराचें वाचन होई. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याहि पदरांत क्रूसो पडला.

परंतु याच दरीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नाहीं तर हा इतिहास नव्हे, नुसतें गुणगान होईल. रॉबर्ट सदे या कवीच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथांत डेंटच्या ‘भयंकर विणणाऱ्यां’ची एक कहाणी आहे. ‘भयंकर’ म्हणजे तेथल्या बोलींत विलक्षण तरबेज. ही कहाणी बेटी यूडेल नांवाच्या वृद्धेनें आपल्या तोंडानें सांगितली, आणि वर्ड्‌स्वर्थ कवीच्या घरांतील स्त्रियांनीं ती उतरून घेतली. अठराव्या शतकांतली ही गोष्ट. बेटी सात-आठ वर्षांची असतांना तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, सॅलीला, लँगडेलच्या घरून डेंटला विणकाम शिकावयास पाठविलें. तेथें मुलांना एकमेकांविरुद्ध शर्यतीनें विणावयास लावीत. घरचें अन्न नाहीं, मायेचें माणूस नाहीं, आणि सुई मात्र पळतच राहिली पाहिजे. शेवटीं त्या दोघी चिमुरड्या तेथून पळाल्या आणि डोंगरवाटांनीं पायीं चालत आईच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. बायकांच्या बैठकींत जी सुई गोष्टीला साथ देत होती, तीच येथें मुलाच्या मानेवरचें जूं झाली होती. एका वेळीं मुलासाठीं काम थांबविलें जात होतें; दुसऱ्या वेळीं कामासाठीं मूल पिळलें जात होतें.

ही सुई मुलाच्या कल्याणाला लावतां येईल काय? याचें उत्तर त्याच अठराव्या शतकांत, पण इंग्लंडबाहेर, फ्रान्सच्या आल्सेस प्रांतांत मिळालें. तेथें व्होज पर्वताच्या कुशींत बान द ला रोश नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. थंडी, दारिद्र्य आणि वाईट रस्ते यांबाबत तो डेंटच्या वरताण होता. १७६७ सालीं तेथील वाल्डर्सबाख गांवीं योहान फ्रेडरिक ओबर्लिन हे धर्मोपदेशक म्हणून आले. त्यांनीं रस्ते बांधले, पूल बांधला, शेती सुधारली. त्यांच्या नांवावरूनच अमेरिकेंत १८३३ सालीं ओबर्लिन कॉलेज निघालें. परंतु मला सांगावयाचें आहे तें त्यांच्याविषयीं नव्हे. बेलमों या खेड्यांतील सारा बांझे हिच्याविषयीं.

ही चोविशींतली मुलगी १७६९ च्या सुमारास गांवांतलीं लहान मुलें आपल्या घरीं जमवून त्यांना विणावयास शिकवूं लागली होती. कोणी तिला सांगितलें नव्हतें, कोणी पगार देत नव्हतें. आईबाप शेतावर गेले कीं मुलें उनाड हिंडत. तीं हिच्या शेगडीभोंवतीं येऊन बसत. ओबर्लिन यांनीं तें पाहिलें, त्याचें मोल ओळखलें आणि तिच्या कामाला वेतन ठरवून दिलें. हळूहळू त्यांच्या पांचहि गांवांत अशा खोल्या निघाल्या. तेथें चार वर्षांपासूनचीं मुलें येत. थोडीं मोठीं विणीत, अगदीं लहान खेळत. बाई त्यांना गोष्टी सांगत, रानांतल्या वनस्पतींचीं नांवें सांगत, रंगीत चित्रें व नकाशे दाखवीत, गाणीं म्हणवून घेत. घरीं गांवठी बोली बोलणारीं तीं मुलें विणतां विणतां शुद्ध फ्रेंच शिकत. विणकाम शिकून मूल उद्यां दोन पैसे मिळवील, या आशेनें आईबाप त्याला पाठवीत. आणि त्या निमित्तानें मुलाला शाळा मिळे.

सारा १७७४ सालीं, ऐन तारुण्यांत, वारली. तें काम पुढें चालविणाऱ्यांत लुईझ शेप्लर ही प्रमुख. ही ओबर्लिन यांच्या घरीं पंधराव्या वर्षीं मोलकरीण म्हणून आली. १७८३ सालीं ओबर्लिन यांची पत्नी वारली. तेव्हां त्यांचीं आईवेगळीं मुलें हिनें वाढविलीं आणि खेडोपाडींच्या शाळाहि सांभाळल्या. पुढें ती पगारहि घेईना. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला सदाचरणाचें पांच हजार फ्रँकांचें पारितोषिक दिलें. युरोपांतील बालशाळांचा इतिहास लिहितांना लोक ओवेन आणि फ्रोबेल यांचीं नांवें आदरानें घेतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ओवेन यांची न्यू लॅनार्कची बालशाळा १८१६ ची, आणि फ्रोबेल यांचें बालोद्यान त्याहून मागाहूनचें. त्यांच्या कितीतरी आधीं एका खेडवळ मुलीनें आणि एका मोलकरणीनें सुईदोऱ्याच्या आधारानें हें काम करून दाखविलें होतें.

आपल्या महाराष्ट्रांतहि याच प्रश्नाला वेगळ्या वाटेनें उत्तर मिळालें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम केलें. आदिवासी पाड्यांतली थोरली बहीण शाळेंत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड असे. तेव्हां पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकाच ठिकाणीं आणून त्यांनीं ‘विकासवाडी’ उभारली. भावंड पाळण्यांत आणि बहीण वर्गांत! अंगणांत भरणारी वाडी ती ‘अंगणवाडी’, हा शब्दहि ताराबाईंचाच. १९७५ च्या सरकारी योजनेनंतर तो साऱ्या देशाच्या तोंडीं बसला. बेलमोंची सारा आणि कोसबाडच्या ताराबाई या दोघींनाहि एकच गोष्ट उमगली होती : मूल सांभाळणाराचे हात मोकळे झाल्याशिवाय विद्येचें दार उघडत नाहीं.

माझी हयात मुलांना बांकावर बसविण्यांत गेली. आतां सेवानिवृत्तीनंतर घरीं एक नात आहे, आणि ती कोणत्याहि बांकावर बसत नाहीं. दुपारीं मी मोठ्यानें वाचतों, तिची आजी विणते, आणि ती लोंकरीचा गुंडा खाटेखालीं ढकलून पुन्हा शोधून आणते. महिनाभरांत एक बाही पुरी होते, कधीं तीहि होत नाहीं. पुस्तकाचीं पानें मात्र रोज चार-सहा सरतात. हा क्रम मीं डेंटकडूनच उचलला आहे.

सांगावयाचें तें इतकेंच कीं, घरांत मूल आलें म्हणजे आजीचें पहिल्यानें सुटतें तें पुस्तक. विणकाम सुटत नाहीं, कारण तें मुलाच्या कामीं येतें. वाचन मात्र चैन समजून बाजूला पडतें. हें होऊं देऊं नये. घरांतल्या दुसऱ्या कोणीं तरी, मग तो आजोबा असो कीं शाळेंतून आलेला नातू असो, अर्धा तास मोठ्यानें वाचावें. विणणारीचे कान मोकळेच असतात. आणि मांडीवरच्या लेंकराला अर्थ कळला नाहीं तरी भाषेचा नाद कळतो. सदरा पुढच्या हिंवाळ्याला झाला तरी चालेल. गुंडा खाटेखालीं गेला, तर वाचणारानें बोट पानांत घालून थांबावें, विणणारीनें सुई खालीं ठेवावी, आणि आधीं मुलाला तो शोधूं द्यावा.