ट्रॅव्हल ट्रेलरची 'स्लाइड-आउट' खोली किती भरवशाची असते?

पिकअप ट्रक किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. अमेरिका आणि कॅनडात सुट्टीच्या प्रवासासाठी हे घर वापरतात, काही जण तर त्यातच कायमचे राहतात. याची मुख्य अडचण रुंदीची. अमेरिकेच्या महामार्गांवर वाहनाची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट, एवढीच चालते. भिंतींची जाडी वजा केली की आत जेमतेम आठ फुटांच्या आसपास जागा उरते. एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला सोफा ठेवला की मधून जेमतेम एक माणूस जातो.

यावर काढलेला उपाय म्हणजे स्लाइड-आउट. टेबलाचा खण बाहेर ओढावा तसा भिंतीचा एक भाग बटण दाबताच दोन ते साडेतीन फूट बाहेर सरकतो. त्यावरचा सोफा, जेवणाचं टेबल, कधी कधी फ्रीज आणि शेगडीही त्याच्यासोबत बाहेर जाते. मुक्कामाला घर मोठं आणि रस्त्यावर पुन्हा साडेआठ फुटांचं. इंडियाना राज्यातल्या न्यूमार कंपनीने १९९०च्या सुमारास मोटरहोममध्ये ही सोय आणली आणि पुढे ट्रेलरमध्येही ती सर्रास दिसू लागली. आज मोठा ट्रेलर घ्यायला गेलात तर स्लाइड नसलेला शोधावा लागतो.

मग शंका कशाची?

शंका दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे ही खोली मध्येच अडकेल का? दुसरी म्हणजे तिच्या कडेने पाणी आत येईल का? चर्चा पहिल्या प्रश्नाची जास्त होते, पण पैशाचं मोठं नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे होतं.

आधी अडकण्याचं पाहू. सगळ्या स्लाइड एकाच पद्धतीने चालत नाहीत. त्यामुळे 'स्लाइड बिघडतातच' किंवा 'माझी दहा वर्षं चालली' ही दोन्ही विधानं ऐकताना आधी विचारावं, की यंत्रणा कोणती?

सर्वांत जुनी आणि दणकट म्हणजे दातेरी पट्टी आणि गिअरची. ट्रेलरच्या जमिनीखाली पोलादी दांडे असतात, त्यांवर दाते असतात आणि १२ व्होल्टची एक मोटर आडव्या शाफ्टने दोन्ही दांडे एकत्र फिरवते. दोन्ही बाजू एकाच शाफ्टला बांधलेल्या असल्याने खोली तिरकी होण्याची शक्यता कमी. वजन मात्र बरंच वाढतं. बिघाड झालाच तर बहुधा एखादी पिन तुटते किंवा मोटर जाते, आणि हँडल लावून खोली हाताने आत घेता येते.

दुसरी पद्धत पोलादी तारांची. एक मोटर साखळी ओढते आणि कप्प्यांवरून गेलेल्या तारा खोलीचे चारही कोपरे खेचतात. यंत्रणा हलकी असते. तारा कालांतराने सैल पडतात किंवा झिजतात, त्यांचा ताण अधूनमधून जुळवावा लागतो. एखादी तार तुटली तर तो कोपरा मागे राहतो.

तिसरी, आणि सर्वाधिक शिव्या खाणारी, म्हणजे भिंतीत बसवलेली यंत्रणा. 'श्विंटेक' हे तिचं प्रसिद्ध नाव. ही आता लिपर्ट कंपनीकडे आहे. यात जमिनीखाली काहीच नसतं. खोलीच्या दोन्ही कडांना ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या आणि प्रत्येक बाजूला एक छोटी मोटर असते. या दोन मोटरींना जोडणारा शाफ्ट नाही. एक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर दोघींचे फेरे मोजून त्यांना बरोबरीने चालवतो. बैलगाडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक मागे राहिला तर गाडी वाकडी जाते, तसंच इथे होतं. एक मोटर मागे पडली की खोली तिरकी होते आणि कंट्रोलर सगळंच थांबवतो.

या यंत्रणेला सरसकट वाईट ठरवणं योग्य नाही. कपाटाची किंवा पलंगाची उथळ, हलकी खोली ती व्यवस्थित सांभाळते. दोष येतो तो कारखान्याने वजन वाचवण्यासाठी तीच यंत्रणा फ्रीज, सोफा आणि टेबल असलेल्या लांबलचक खोलीला लावली की. वापरणाऱ्यांची एक सवयही कारणीभूत असते. खोली पूर्ण बाहेर आली असं दिसताच ते बटण सोडतात. मोटरी आपणहून थांबेपर्यंत बटण दाबून ठेवायचं असतं, कारण दोन्ही मोटरींचा मेळ त्या शेवटच्या क्षणांतच पुन्हा जुळतो. खोली अर्ध्यावर थांबवून पुन्हा मागे-पुढे करणं हेही तिला मानवत नाही.

चौथी हायड्रॉलिक, तेलाच्या दाबावर चालणारी. ती मुख्यतः मोठ्या फिफ्थ-व्हीलमध्ये आणि मोटरहोममध्ये असते. ताकद भरपूर, पण पाइप गळला किंवा पंप गेला की एकाच वेळी सगळ्या खोल्या ठप्प.

बहुतेक वेळा गुन्हेगार बॅटरी असते

अडकलेली खोली पाहून लोक आधी मोटरवर संशय घेतात. आधी व्होल्टमीटर लावावा. पूर्ण भरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती १२च्या खाली असेल तर ओझं पडताच व्होल्टेज आणखी कोसळतं, मोटरी दमतात आणि कंट्रोलर चूक दाखवून थांबतो. गंजलेलं किंवा सैल टर्मिनलही हेच करतं. ट्रेलर वीजजोडणीला लावून किंवा जनरेटर चालू करून पुन्हा प्रयत्न केला की अनेक 'बिघाड' तिथेच संपतात. त्यानंतर फ्यूज पाहावा, प्रवासात लावायचे खिळे-कुलुपं काढलीत का ते पाहावं, आणि वाटेत चप्पल, उघडा ड्रॉवर किंवा फांदी आलेली नाही ना तेही.

दुसरं कारण जमीन. ट्रेलर उताराला उभा असेल किंवा त्याचा सांगाडा पिळला गेला असेल तर ज्या चौकटीतून खोली सरकते ती चौकोनी राहत नाही. म्हणून आधी ट्रेलर समपातळीत आणायचा आणि मगच खोली काढायची. कोपऱ्यांचे आधार-जॅक ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हेत. त्यांच्यावर ट्रेलर उचलला की सांगाडा नेमका पिळतो.

खोली बाहेर अडकणं हे आत अडकण्यापेक्षा वाईट. बाहेर आलेली खोली घेऊन ट्रेलर ओढता येत नाही, म्हणजे मुक्काम हलत नाही. हाताने खोली आत घ्यायची पद्धत प्रत्येक यंत्रणेची वेगळी असते. ती जंगलातल्या कॅम्पमध्ये, पावसात, मोबाइलला रेंज नसताना शिकण्यापेक्षा ट्रेलर घेतानाच विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावी.

पाण्याचा मामला

स्लाइड म्हणजे भिंतीला पाडलेलं मोठं भोक आणि त्याभोवती रबराची पट्टी. पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. एक खोली सरकताना तिच्यावरचं पाणी पुसते, दुसरी फुगीर पट्टी खोली टोकाला पोचल्यावर दबून फट बंद करते. ॲरिझोनाच्या उन्हात रबर कडक होतं, उत्तरेकडच्या थंडीत आकसतं. पेट्रोलियम असलेलं वंगण लावलं तर ते फुगून खराब होतं. रबरासाठी वेगळं मिळतं, तेच वापरायचं.

खोलीच्या सपाट छपरावर पानं, काड्या आणि पाणी साचतं. ते न झाडता खोली आत घेतली तर काड्या पट्टी फाडतात आणि पाणी थेट घरात येतं. म्हणून बरेच जण वरून ताडपत्रीसारखं गुंडाळतं कापड बसवून घेतात.

खरी भीती मात्र खालच्या बाजूची. खोलीची जमीन बहुधा प्लायवूड किंवा ओएसबी, म्हणजे लाकडाच्या ढलप्या दाबून केलेल्या फळीची असते. तिच्या खालचं संरक्षक आवरण रोलरवर घासून फाटलं की ओल लाकडात शिरते. हे महिनोन्महिने कळत नाही. कळतं तेव्हा कोपरा पायाखाली मऊ लागतो, खोली एका बाजूला झुकते, आणि मग यंत्रणाही तिरकी चालू लागते. नुसती मोटर बदलणं त्यामानाने किरकोळ काम. जमीन बदलायची तर खोली ट्रेलरमधून बाहेर काढावी लागू शकते. भिजून झालेलं नुकसान 'देखभाल नीट केली नाही' म्हणून वॉरंटीतून आणि विम्यातून वगळलं जाण्याचा धोकाही असतोच.

घ्यायची की नाही?

एअरस्ट्रीमसारखी महाग कंपनीही आपल्या सध्याच्या ट्रेलरमध्ये स्लाइड देत नाही. भाड्याने मोटरहोम देणाऱ्या क्रूझ अमेरिकाच्या नेहमीच्या गाड्यांतही ती नसते. अनोळखी हातांत दररोज जाणाऱ्या गाडीत हलणारे भाग कमी असलेले बरे, हे समजण्यासारखं आहे. भारतातून आलेले आईवडील आणि मुलं घेऊन चार दिवस यलोस्टोनला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचं स्लाइडवाचून फारसं अडत नाही. दोन-तीन महिने ट्रेलरमध्येच राहणाऱ्या जोडप्याचं अडतं. पावसात आत अडकून पडलं की ते दोन-तीन फूट सोन्याच्या मोलाचे वाटतात. अशांनी एक, फार तर दोन स्लाइडवर थांबावं. प्रत्येक स्लाइडने वजन वाढतं आणि तेवढं सामान कमी नेता येतं.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट आवर्जून करावी. खोल्या आत घ्यायला लावाव्यात आणि मग ट्रेलरमध्ये शिरावं. संडासापर्यंत जाता येतं का? फ्रीजचं दार उघडतं का? पलंगावर आडवं होता येतं का? काही आराखड्यांत खोली आत असताना यांपैकी काहीच जमत नाही. मग वाटेत पाच मिनिटं थांबून डबा खायचा तरी खोली बाहेर काढावी लागते, आणि ती अडकली तर रात्र गाडीच्या सीटवर काढावी लागते.

जुना ट्रेलर घेताना खोली दोन-तीनदा पूर्ण आत-बाहेर करून पाहावी. वरचा आणि खालचा कोपरा बरोबरच पोचतो का, आवाज मध्येच बदलतो का, हे पाहावं. आतून चारही कोपऱ्यांवर टाच देऊन उभं राहावं. बाहेरून वाकून खालचं आवरण बघावं, लाकडाला अंगठ्याने दाबावं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते सोबत असू द्यावं. त्या ट्रेलरच्या मॉडेलवर एखादं रिकॉल निघालं आहे का तेही अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. विक्रेता बॅटरी उतरली आहे असं सांगून खोली हलवून दाखवायला तयार नसेल, तर बॅटरी भरल्यावर पुन्हा येतो म्हणून सांगावं आणि तोपर्यंत विसारही देऊ नये.