धान्याचा कायदा आणि पाठीवरचे पोते

युरोपातील खुल्या बाजाराचा इतिहास सांगण्यास आपण एखाद्या प्राध्यापकांस बोलवावयास हवे होते. माझे अर्थशास्त्राचे शिक्षण मार्केट यार्डातील भुसार बाजारात, हमालांच्या बैठकांत झाले. तेव्हा धान्यापासूनच आरंभ करतो.

1815 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने परदेशी गहू अडविणारा कायदा केला. पार्लमेंट जमीनदारांचे, गहू महाग राहिला तरच त्यांचा खंड शाबूत राहणार. मँचेस्टरकडील कॉब्डेन आणि ब्राइट यांनी त्याविरुद्ध रान उठविले आणि आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाल्यावर 1846 साली पंतप्रधान पील यांनी स्वतःच्या पक्षाची शकले करून तो रद्द करविला. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते कथा येथेच संपवितात. मला तिची पुढची दोन पाने अधिक मोलाची वाटतात.

चार्टिस्ट कामगारांचा या चळवळीवर विश्वास नव्हता. भाकरी स्वस्त झाली की गिरणीवाला मजुरी उतरवील, या धास्तीने त्यांनी तिच्या सभा उधळल्या. मीही त्या काळी तेथे असतो तर उधळल्याच असत्या! पण धास्ती खोटी ठरली. शतकाच्या उत्तरार्धात मजुराच्या पैशात अधिक धान्य येऊ लागले. दुसरे पान 1847 चे. कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांना दिवसाला दहा तासांहून अधिक राबविता येणार नाही, असा कायदा झाला. स्वातंत्र्याचे कैवारी ब्राइट त्याच्या विरोधात उभे राहिले. गिरणीवाल्यांवर चिडलेल्या कित्येक जमीनदारांनी मात्र त्याला मते दिली. दोन धनिकांच्या भांडणात गरिबाला दोन्ही गोष्टी मिळाल्या.

युरोप पुढे खुला राहिला नाही. 1879 साली बिस्मार्कने धान्यावर जकात बसविली; 1962 पासून सामायिक बाजारातील देशांनी आपल्या शेतकऱ्यांना भावाची हमी दिली. बर्न येथील जागतिक टपाल संघातील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करण्यास आलेल्या शरद जोशींनी नेमके येथेच बोट ठेविले. तिकडचे सरकार शेतकऱ्याला देते, इकडचे त्याच्याकडून काढून घेते, असा त्यांचा हिशोब. म्हणून त्यांनी डंकेल प्रस्तावाचा पुरस्कार केला. डाव्या संघटनांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले. निर्यातबंदी आली की कांदा कसा कोसळतो, हे मी यार्डात डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढ्यापुरते जोशी बरोबर होते, हे मी आमच्या सभांत कधी बोललो नाही. आज बोलतो.

पण जोशींच्या हिशोबात पोते उचलणारा कोठे होता? 1956 साली बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत काढली. 1969 च्या माथाडी कायद्याने व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळावा, अशी व्यवस्था केली. शंभर किलोच्या पोत्याखाली वाकलेल्या माणसाचा मालक कोण, हा प्रश्न या कायद्याने सोडविला. 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, आडत खरेदीदारावर गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरेच झाले. आवाराबाहेर उतरणाऱ्या मालाचा हमाल मात्र कोणत्या वहीत शोधावा?

त्या सुमारास एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, “भाऊ, तुमची हमाली माझ्या पट्टीतून कापतात. मग तुम्ही माझे कसे?” मला उत्तर सुचेना. म्हटले, “काका, पट्टी दाखवा पाहू.” हमालीचा आकडा होता तो होताच, त्याच्या खाली कडत्याचा आकडा होता, आणि तो हमालीहून मोठा होता. तो कोणी घेतला, हे विचारावयास आम्ही दोघे मिळून गाळ्यावर गेलो.