इंटार्सिया : लहान तुकड्यांच्या कडांची गोलाई

निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे चित्राबरहुकूम कापून, एकमेकांशी चपखल बसवून आणि पाठीमागच्या पातळ प्लायवुडवर चिकटवून जे चित्र साकारतात, त्याला इंटार्सिया म्हणतात. पंधराव्या शतकातील इटलीत हे काम सपाट असे. गुब्बिओच्या राजवाड्यातील फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याच्या अभ्यासिकेत (आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात) अर्धवट उघडी कपाटे आणि आतली वाद्ये हुबेहूब दिसतात, पण हात फिरवला तर लागते ती सपाट भिंतच. म्हैसूरचे शिसवी लाकडावरील जडावकामही सपाटच असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजलेल्या इंटार्सियात उठाव प्रत्यक्ष जाडीतून येतो, म्हणून त्यात कडा घडवण्याला रंगसंगतीइतकेच, किंबहुना अधिक, मोल आहे.

तुकडे बहुधा पाऊण इंची फळीतून स्क्रोल सॉ या बारीक पात्याच्या यंत्रकरवतीने कापतात. पाते टेबलाशी काटकोनात नसेल तर सांधा वर घट्ट आणि खाली सैल राहतो, आणि वरचा थर घासला गेला की दडलेली फट उघडी पडते. गोलाई देताना आढळणारे पुष्कळसे दोष खरे तर कापण्यातलेच असतात.

कोणत्याही तुकड्याची गोलाई एकट्याने ठरत नाही. चित्रात सर्वांत मागे असलेला भाग प्रथम घासून जागेवर बसवतात आणि त्याच्या वरच्या पातळीची पेन्सिलरेषा शेजारच्या तुकड्याच्या उभ्या बाजूवर ओढतात. या रेषेच्या वरपर्यंतच शेजाऱ्याची कड उतरवायची असते. ती रेषेखाली गेली, तर पक्ष्याच्या चित्रात पुढचा पंख अंगामागे गेल्यासारखा दिसतो आणि चित्रातील मागचे-पुढचे उलटते. जो भाग आणखी उचलून दाखवायचा, त्याखाली प्लायवुडची पट्टी घालतात.

घासण्यासाठी पॉलिश पेपर गुंडाळलेले, हवा भरलेले मऊ फिरते ड्रम वापरतात, कारण ते आकाराप्रमाणे दबतात, तर कडक ड्रमने पृष्ठावर सपाट पैलू पडतात. नखाएवढा तुकडा बोटांत धरला तर तो उडतो किंवा बोट सोलते, म्हणून तो दुहेरी चिकटपट्टीने काठीच्या टोकाला लावतात. शेवटचा हात २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा लागतो, कारण आडवे ओरखडे पॉलिश चढल्यावरच डोळ्यांत भरतात. या कामात आवडीने वापरल्या जाणाऱ्या वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीतील प्लिकॅटिक आम्लाने दमा होऊ शकतो, म्हणून मुखपट्टी आणि धूळ ओढणारे यंत्र आवश्यक ठरते.

पक्ष्याच्या डोळ्यासारखा अतिलहान भाग आधी कापून मग घासणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी गडद लाकडाच्या लांब गोल काडीचे टोक हातात धरून घुमटासारखे घासतात, गुळगुळीत करतात आणि मगच तेवढा तुकडा कापून भोकात बसवतात. तो पापणीच्या कडेहून किंचित वर राहिला की त्यावर उजेडाचा ठिपका पडतो.